मापाची चाकं

माझा मोठा भाऊ शिष्ट झालाय असं मला वाटायला लागलं, त्याला वर्ष होत आलं होतं. हाक मारली तर ओ द्यायचा नाही. फोन वाजला तर त्याच्या शेजारून सरळ चालत निघून जायचा, जणू फोन उचलणं फक्त माझ्याच कपाळी लिहिलंय. एकदा मी एका गाडीखालून तीनदा ओरडले, "दादा, पाना दे!" हा पठ्ठ्या शांतपणे चहा पीत बसला. त्यानंतर आठ दिवस मी त्याच्याशी अबोला धरला. त्याला तो अबोला कळलासुद्धा नाही, आणि तेच मला जास्त झोंबलं.

आमचं टायरचं दुकान आहे. बाबांनी काढलं, आता आम्ही दोघं चालवतो. मी टायर चढवते-उतरवते, अलाइनमेंट करते, गिऱ्हाइकांशी भांडते. दादा मापं ठरवतो. कुठल्या गाडीला किती इंची टायर, किती रुंद रिम, ते रिम किती आत किंवा बाहेर बसवायचं, हे त्याचं काम. नव्या गाड्यांना यात काही अक्कल लागत नाही, माप दारावरच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. पण आमच्याकडे येतात त्या जुन्या गाड्या, त्यातही मालकांनी हौसेने किंवा गरजेने उंच करून घेतलेल्या. त्यांची चिठ्ठी कुठेच नसते.

म्हणून आमच्याकडे मापाची चाकं आहेत. मागच्या भिंतीशी उभी, प्रत्येक मापाचं एकेक, टायर झिजून गुळगुळीत झालेले. ती कधी रस्त्यावर जात नाहीत. नवा टायर विकण्याआधी त्या मापाचं जुनं चाक गाडीला लावून बघायचं, हा बाबांचा नियम. चाक लाकडी ठोकळ्यावर चढवायचं, म्हणजे खड्ड्यात जसं वर दाबलं जातं तसं दाबलं जातं. खाली ग्रीस लावलेली पत्र्याची थाळी, म्हणजे ते अलगद वळतं. मग मी केबिनमध्ये बसून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि दादाने चाकाशी उकिडवं बसून ऐकायचं. कॉम्प्रेसर बंद, रेडिओ बंद. टायर कुठेही निसटता जरी लागला तरी दादाला ऐकू येणारच. आख्खा बाजार त्याला कानसेन म्हणतो. गाडी दुकानासमोरून गेली की कुठलं बेअरिंग गेलंय हे तो पाठमोरा सांगायचा.

त्या सकाळी जनावरांची डॉक्टर आली. तिचा छोटा ट्रक वयाने तिच्याहून थोरला होता. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, रंग उडालेला, पण पत्रा असा की बोटाने वाजवला तर ठणकन आवाज यावा. कुठल्याशा गॅरेजमध्ये तिने तो चार इंच उचलून घेतला होता. त्या उंचीखाली जुनी बारीक चाकं अशी दिसत होती, की धाकट्या भावाची चप्पल घालून एखादा पहिलवान आलाय.

"तेहतीस इंची घाला," ती म्हणाली. "गॅरेजवाला म्हणाला, आता आरामात बसतील. उद्या निघायचंय मला. वर डोंगरात सहा महिन्यांची नेमणूक आहे. मागच्या खेपेला ट्रक दगडावर बसला आणि तिकडे गाय व्याली माझ्यावाचून."

"गाय व्याली ना? मग झालं तर," मी म्हटलं.

"ती व्याली हो. पण मी चार तास दगडावर होते, ताई."

दादा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, म्हातारपणी चळ लागला. मग त्याने आपलं नेहमीचं सुरू केलं. "डॉक्टर, ट्रक उचलला की वर जागा होते. आत-बाहेर जागा होती तेवढीच राहते. टायर नुसता उंच नसतो, रुंदही असतो. बाहेर काढला तर वळताना मडगार्डचा कोपरा खाणार, आत घेतला तर स्प्रिंगच्या पाट्यांना लागणार. अंथरूण पाहून पाय पसरावे तसा मडगार्ड पाहून टायर घालावा."

"आणि वेगाचा काटाही खोटं बोलेल," मी जोडलं. "आत्ताचे टायर एकोणतीसचे आहेत. तेहतीस घातले तर काटा साठ दाखवेल तेव्हा तुम्ही अडुसष्टवर असाल."

"म्हणजे लवकर पोचेन. बरंच की." बाई गमतीची होती. मला आवडली.

तेहतीसचं मापाचं चाक आम्ही ड्रायव्हरच्या बाजूला लावलं, ठोकळ्यावर चढवलं. मी केबिनमध्ये बसले. दादाने डाव्या हाताचा तळवा मडगार्डवर टेकवला. हल्ली तो असं करायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, काय ऐट आहे! डॉक्टरसुद्धा कौतुकाने बघत होती.

मी स्टीअरिंग फिरवायला लागले. खरं सांगायचं तर केबिनमध्ये बसून मी कधीच काही ऐकत नसे. ते माझं काम नव्हतं. मी जेवणाचा विचार करायची. पण त्या ट्रकच्या पत्र्याला पायाशी एक भोक होतं, रबरी बूच कधीतरी पडून गेलेलं, आणि त्यातून खालचं सगळं सरळ वर येत होतं. स्टीअरिंग टोकाला गेलं आणि ऐकू आलं. स्स्स. ओल्या पाटीवर बोट फिरवावं तसं. रबरावर रबर.

मी थांबले, वाट बघितली. आता दादा 'लागतंय' म्हणून हात वर करणार.

त्याने अंगठा वर केला. "स्वच्छ आहे."

"पुन्हा फिरवते," मी म्हटलं. त्याने भुवया उंचावल्या. मी फिरवलं. स्स्स. या वेळी मी भोकाकडे वाकून ऐकलं, स्पष्ट होतं. दादाचं तोंड चाकापासून वीतभर अंतरावर होतं.

"स्वच्छ," तो म्हणाला. "तेहतीस बसतायत."

तो टायर कशाला लागत असणार ते मला कळलं होतं. ट्रक उचलला की ब्रेकची रबरी नळी अपुरी पडते, म्हणून गॅरेजवाले लांब नळी घालतात. चाक वर दाबलं गेलं की तीच लांब नळी बाहेर फुगवटा काढते. टायरने ती रोज थोडी थोडी खाल्ली असती, आणि एक दिवस डोंगराच्या उतारावर डॉक्टरचा पाय ब्रेकवर खालपर्यंत गेला असता आणि ट्रक थांबला नसता.

पण नुसतं तेवढंच नव्हतं. न उचललेले फोन, चहा पीत बसणं, तोंडाकडे बघणं, मडगार्डवरचा तळवा, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. पत्रा घासला तर हाताला थरथर लागते. रबर रबराला घासलं तर लागत नाही, ते फक्त ऐकू येतं. माझ्या भावाला ऐकू येत नव्हतं. तो वर्षभर हाताने ऐकत होता. आणि मी, त्याच्या शेजारच्या खोलीत झोपणारी, त्याच्या ताटात वाढणारी, त्याला शिष्ट म्हणत होते! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"चला, कानसेन म्हणाले म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाली. "चढवा नवे."

आता मी काय करायचं? तिच्यासमोर 'दादा, तुला ऐकू येत नाही' म्हणायचं? त्या माणसाकडे दुसरं होतं काय? लग्न केलं नाही, शिक्षण सातवीपर्यंत. कान हीच त्याची इस्टेट. आणि गप्प बसायचं तर ती बाई उद्या उतारावर. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण मुठीत काय झाकलंय तेही बघायला नको का?

टायरवर खुणा करायचा पिवळा खडू माझ्या खिशात असतो. मी खाली उतरले. "डॉक्टर, हातच्या काकणाला आरसा कशाला? आम्ही म्हणतो म्हणून घेऊ नका, डोळ्यांनी बघा." आणि टायरच्या आतल्या कडेला सगळीकडे खडू घासला.

"हे कशाला?" दादा म्हणाला. त्याला राग आला होता. बाबांच्या वेळेपासून त्याच्या शब्दावर असा खडू कोणी फिरवला नव्हता.

"असू दे रे. त्यांच्या समाधानासाठी."

मी वर चढून फिरवलं, परत उतरले, बॅटरी घेतली आणि आत उजेड टाकला. काळ्या नळीवर बोटभर लांब पिवळा पट्टा उमटला होता.

डॉक्टर वाकली. "अरेच्चा. ही ब्रेकची ना?"

दादा पुढे सरकला. मग नळीवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पिवळी पूड बघितली. त्याचे कान लाल झाले होते.

"आज बाहेर रस्त्यावर आवाज फार आहे," मी घाईघाईने म्हटलं. "अशात कोणाला ऐकू येणार? बरं झालं खडू लावला ते."

डॉक्टरने मान डोलावली. तिला ते पटलंही होतं. तेवढ्यावर भागलं असतं. मी दादाकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे, बाबा रे, हो म्हण आणि सोड.

"नाही डॉक्टर," दादा म्हणाला. "रस्त्याचा काही दोष नाही. आवाज आला असणार. मला आला नाही." मग माझ्याकडे वळला. "तुला आला होता. म्हणून दुसऱ्यांदा फिरवलंस."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि मला गिऱ्हाइकासमोर रडायचा मनस्वी तिटकारा आहे.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरने विचारलं. ती त्याच्या समोर येऊन, तोंड त्याच्याकडे करून, सावकाश विचारत होती. जनावरांची का होईना, डॉक्टर होती.

"बारीक आवाज गेल्या उन्हाळ्यापासून. फार मोठे आवाज तेवढे अजून येतात. मला वाटायचं, मळ असेल."

"बैलाचे कान असते तर मीच बघितले असते. तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडे जा. या आठवड्यात जा." आणि मग, "मला सांगितलंत, बरं केलंत."

तिच्या ट्रकला आम्ही एकतीस घातले. साडेदहा रुंद, रिम अर्धा इंच बाहेर काढणारं. दुधाची तहान ताकावर, पण दगड चुकवण्याइतकी उंची मिळाली. नळी वरच्या बाजूला क्लिपने बांधून घेतली आणि दोन्ही बाजूंना खडू लावून, ठोकळे लावून, तीन-तीनदा फिरवून बघितलं. खडू कुठेच उमटला नाही. जाताना डॉक्टरने दादाचा हात हातात घेतला, मग केबिनमध्ये चढली, आणि पायाशी भोक बघून म्हणाली, "हे बुजवायचं राहिलं."

"राहू दे," मी म्हटलं. ती गेली.

मला वाटलं, आता दादा आत जाऊन पडेल. त्याने हात धुतले आणि तो मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. तिथे तो प्रत्येक उचललेल्या गाडीची नोंद पेन्सिलीने करतो: गाडी, माप, मालकाचा नंबर. तो बोट ठेवत ठेवत खाली आला.

"गेल्या उन्हाळ्यापासून एकोणीस," तो म्हणाला. "एकोणीस गाड्यांना मी स्वच्छ म्हटलंय. सगळ्यांना फोन लाव. मला फोनवर काही कळत नाही."

"लावते. पण केबिनमध्ये तर मीच बसले होते ना? मीही ऐकलं नाही."

"ते तुझं काम नव्हतं."

भिंतीशेजारच्या टेबलाशी मी फोन घेऊन बसले. पहिला नंबर एका लाकूडवाल्याचा होता. दादा समोर स्टुलावर बसला. मी गोड आवाज काढला. "नमस्कार, टायरच्या दुकानातून बोलतेय. काही नाही हो, आमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांसाठी फुकट तपासणी चालू आहे, तर..."

दादाने टेबलावर टिचकी मारली. "टिल्ले, वर्षभर मी ओठच वाचतोय. काय काय म्हणालीस पाठीमागे, नाही, तोंडावरच, तेही वाचलंय. खोटं नको. माझं नाव घेऊन सांग."

'दगड', 'ठोंब्या', 'राजेसाहेब', काय काय पुटपुटले होते मी वर्षभर. मी फोन पुन्हा तोंडाशी धरला. "ऐका. माझ्या भावाला नीट ऐकू येत नाही. तुमच्या गाडीच्या वेळीही येत नव्हतं. टायर ब्रेकच्या नळीला घासत असेल तर त्याला कळलं नसेल. उतारावर नेऊ नका. गाडी घेऊन या, काय असेल ते आम्ही करून देऊ."

पलीकडून बरंच काही आलं. लाकूडवाल्याची दोन पोरं रोज त्या गाडीतून शाळेत जात होती. तो जे बोलला ते मी ऐकून घेतलं, हो म्हटलं, पुन्हा हो म्हटलं, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

पलीकडच्या माणसाचे ओठ दादाला दिसत नव्हते. वर्षभरात पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्याच्यापासून लपवणं माझ्या हातात होतं. "संध्याकाळी आणतो म्हणाला. घाई नाही म्हणाला."

दादा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"शिव्या दिल्या ना?"

"दिल्या."

"मला?"

"तुला."

"देऊ दे," तो म्हणाला. त्याचं बोट भिंतीवर दुसऱ्या ओळीकडे गेलं. "पुढचा नंबर लाव."

मी लावला.