पाठमोरी उतरण

“बसा काका खुर्चीत. फोटो झाला ना आता!” शिट्टीवाला संयोजक म्हणाला.

टेकडीच्या माथ्यावर दोन बांबूंना बांधलेली खुर्ची तयार होती, उचलायला चार तगडे गडी. ज्या इस्पितळाने मला पुन्हा उभं केलं, त्याच्या व्यायाम-उपचारांच्या खोलीसाठी देणग्या जमवायचा हा ट्रेक. मी त्यातला शोभेचा माणूस. रंगकामाची बांबूंची परांची कोसळून खालच्या छज्ज्यावर आपटलेला रंगारी, मांडीत सळई, पत्रकावर चेहरा. चढेपर्यंत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. उतरायचं कसं, ते मात्र मला न विचारताच ठरलं होतं.

“मी चालत उतरणार.”

“काका, उतारावर गुडघा दगा देतो. जबाबदारी आमची आहे.”

“बांबू कुणाचे?”

“ठेकेदारसाहेबांनी दिलेत. मोठे देणगीदार आहेत आपले.”

मला हसूच आलं. माझ्या परांचीला कुजके बांबू लावणारा हाच तो दानशूर.

बायकोने कपाळाला हात लावला. “अहो, कुणाचे का असेनात! बसलात तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“एकदा उतरलोय लोकांच्या खांद्यावरून. जिवंतपणी. तेव्हा शुद्ध नव्हती म्हणून खपलं.”

त्या दिवशी मला शिडीवर आडवा बांधून खाली आणताना तिने पाहिलं होतं. तिने माझी काठी माझ्या हातात दिली.

पहिल्याच उतारावर काठी सटकली आणि मी बुडावर आपटलो. संयोजकाने शिट्टी फुंकली. गडी खुर्ची घेऊन धावले. कुणीतरी मोबाईल वर धरला. मांडीत नुसती आग पेटली होती. आता बसलो असतो तर कुणी नाव ठेवलं नसतं. उलट कौतुकच झालं असतं, आणि त्या कौतुकाचीच मला शिसारी आली.

मग डोक्यात उजेड पडला. उभ्या जन्मात मी तोंड खाली करून कधी उतरलोय? शिडीवरून उतरणारा माणूस शिडीकडे तोंड करतो, पाठ जगाकडे. मी काठी बायकोच्या हातात कोंबली, वळलो, दोन्ही हातांनी खडक धरला आणि पाय मागे सोडला.

“काका, उलटे कुठे निघालात?”

“तुमच्याकडे पाठ करून!”

बायको उतारावर माझ्या खालच्या बाजूला गेली. “डावा सोडा. अजून खाली. हं, टेकला.” थोड्या वेळाने म्हणाली, “संसारात कधी माघार घेतली नाहीत. आज बरे मागे मागे चाललात.”

“बोल, बोल. हात रिकामे नाहीत म्हणून गप्प आहे.”

माझं तोंड वर होतं, त्यामुळे सगळी गंमत मलाच दिसत होती. चौघे गडी रिकामी खुर्ची सांभाळत, एकमेकांवर खेकसत, घसरत उतरत होते. शिट्टीवाला शिट्टी विसरला होता.

परांचीवर आता कधीच चढायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. मलाही कळतं. पण परांची कोसळली त्या दिवशी माझं उतरणं अर्धवट राहिलं होतं, आणि ते माझं मलाच पुरं करायचं होतं.

शेवटच्या खडकाला लटकून मी पाय खाली सोडला. तो टेकला. दुसराही टेकला. पहिला पुन्हा मागे चाचपत गेला, पुढची खाच शोधत.

“अहो, जमीन आहे ती,” बायको म्हणाली.

“माहितीये,” मी म्हणालो. हात मात्र खडकावरून सुटेनात.