तिसऱ्या मजल्यावर माणूस जातो कसा?

"पाय नाहीत तरी चढतो, पंख नाहीत तरी उडतो, चुलीपाशी जन्मतो नि आभाळात बुडतो. सांग पाहू कोण?"

ताईचा आवाज. अंगणात ओली चादर पिळायची, एक टोक ताईच्या हातात, दुसरं धाकटीच्या, आणि पिळता पिळता कोडं घालायचं, हा त्या दोघी बहिणींचा लहानपणीचा खेळ. धाकटी मोठी बिलंदर. उत्तर धूर आहे हे तिला ठाऊक असायचं, तरी म्हणायची, "वास!"

वासही चढतो, वासही उडतो, खोटं कसं म्हणायचं? मग ताई चादरीला आणखी एक पीळ द्यायची. "बरं. हे दार लावलं. चढतो, उडतो आणि डोळ्यांना दिसतो. आता पळ कुठे पळतेस ते!"

दारं लावणारी ताई तालुक्याच्या गावी नांदायला गेली. पळणारी धाकटी राजधानीत, आरोग्य खात्याच्या प्रश्न शाखेत नोकरीला लागली. तिथे काम एकच. आमदारांनी लेखी प्रश्न विचारायचे, शाखेनं उत्तराचा मसुदा करायचा आणि मंत्र्यांनी सही करून ते सभागृहाला द्यायचं. उत्तर खरंच हवं, कारण सभागृहात खोटं चालत नाही. पण जेवढं विचारलं तेवढंच. शिंप्यानं मापापेक्षा बोटभरही कापड जाऊ देऊ नये, तसं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाखेत तिला लाडानं म्हणत, पळवाटबाई.

गेल्या वर्षी एका आमदारांचा प्रश्न आला होता. तालुक्याच्या रुग्णालयातली लिफ्ट बंद आहे, हे खरे आहे काय? तिनं रुग्णालयाला फोन लावला. लिफ्ट दोन, त्यातली एक चालू. तिनं लिहिलं, "हे खरे नाही." पुढच्या अधिवेशनात पुन्हा तोच आमदार. रुग्णांची लिफ्ट बंद आहे, हे खरे आहे काय? रुग्णांना चालू लिफ्टमध्ये मनाई नव्हती. फक्त ती दुसऱ्या मजल्यापर्यंतच जायची; तिसऱ्यावर जाणारी होती, ती बंद. पण मजला कुणी विचारला होता? "हे खरे नाही."

आणि आता तिसरा प्रश्न टेबलावर येऊन पडला.

"ज्याला चालता येत नाही, असा रुग्ण तिसऱ्या मजल्यावरील मूत्रपिंड विभागात आज कसा जातो? त्याला कोण नेते, कशातून नेते, कोणत्या वाटेने नेते?"

शिपायानं पाठीमागून वाचलं आणि टाळी वाजवली. "बाई, या खेपेला गचांडी धरली तुमची!"

"गप रे. चहा सांग."

पण तिला राग येईना. उलट गंमत वाटत होती, नि गमतीखाली कसलीशी हुरहुर. प्रश्न कुठूनही उघडून बघितला तरी फट नव्हती. ज्या आमदारांच्या नावानं तो आला होता, ते सभागृहात डुलक्या घेण्याबद्दल प्रसिद्ध. हे डोकं त्यांचं नव्हे. मग कुणाचं? न राहवून तिनं त्यांच्या मदतनिसाला फोन केला.

"आमच्याकडे एक बाई येतात हो," तो म्हणाला. "तुमचं उत्तर आलं की वाचतात, हसतात, आणि म्हणतात, आता असं विचारा. साहेबांना फार मजा येते, म्हणतात, बाई कोडंच घालते!"

फोन ठेवला तरी तिचा हात त्यावरच राहिला. पिळलेल्या चादरीचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळल्यासारखं झालं. रुग्णालय ताईच्याच गावचं, आणि ताईचे यजमान आजारी आहेत, हे तिला माहीत होतं. फोनवर विचारलं की ताई म्हणायची, "चाललंय गं, औषधपाणी." पुढे विषय बदलायचा.

रविवारी ती बसनं तालुक्याला गेली. इतक्या वर्षांत शाखेतलं कुणी उत्तर बघायला गेलं नव्हतं. उत्तरं फोनवर यायची.

रुग्णालयाची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. पुढचा जिना अरुंद होता, वळणावर भिंतीचा रंग घासून गेलेला. वर दोन वॉर्डबॉय एक लाकडी खुर्ची उचलून चढत होते. पुढचा उलटा चढत होता, पायरी पायानं चाचपत. खुर्चीत भाऊजी, पोटाला चादर बांधलेली, डोळे घट्ट मिटलेले. आणि मागे, त्यांच्या चपला छातीशी धरून, ताई.

वळणावर खुर्ची टेकवली तेव्हा ताईनं खाली पाहिलं.

"अगं बया! तू इकडे कुठे?"

"उत्तर शोधत आले."

ताईच्या कपाळावर घाम होता, तरी ती हसली. "सापडलं?"

"ताई, मीच लिहिते, हे तुला माहीत होतं?"

"पहिलंच उत्तर वाचलं नि ओळखलं. इतकं खरं बोलून इतकं निसटणारी दुसरी कोण आहे?"

"मग मला का नाही सांगितलंस? बहीण ना मी?"

"सांगितलं असतं तर तू मला उत्तर दिलं असतंस. मला मंत्र्याचं हवंय. खुर्ची एकट्या यांनाच नाही गं लागत." तिनं आवाज उतरवला. "आणि माझं नाव तिकडे काढू नकोस. सख्ख्या नात्यातलं काम म्हणतील, कागद तुझ्याकडून काढून दुसऱ्याला देतील."

"ओ ताई, चला," वॉर्डबॉय म्हणाला. खुर्ची पुन्हा उचलली गेली.

मंगळवारी मंत्र्यांच्या दालनात प्रश्नांची बैठक होती. तिनं जिन्यावर पाहिलं ते सगळं मसुद्यात लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते खोडून वर लिहिलं होतं, "सदर रुग्णालयात लिफ्टची सुविधा उपलब्ध आहे."

मंत्री म्हातारे, चष्मा कपाळावर चढवून वाचायची सवय. प्रश्न त्यांनी दोनदा वाचला.

"प्रश्न झकास आहे," ते म्हणाले. "मलाही कळेना. जातो कसा हो तो माणूस?"

"साहेब, लिफ्टची सुविधा..." वरिष्ठ म्हणाले.

"ती आहे, वाचलं मी. जातो कसा?"

वरिष्ठ कागद चाळू लागले.

"उचलून नेतात, साहेब," ती म्हणाली. "खुर्चीत बसवून, जिन्यानं. लिफ्ट तिसऱ्यावर जात नाही."

"रुग्णालयानं असं काही कळवलेलं नाही," वरिष्ठ तिच्याकडे रोखून म्हणाले. "पाहिलंय कुणी?"

"मी पाहिलंय. रविवारी गेले होते."

"रविवारी? तिकडे? तुमचं काय काम होतं, बाई?"

मंत्र्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. एक शब्द इकडचा तिकडे केला की निभलं असतं. जिना बघायला गेले होते, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं, आणि तेही खोटं ठरलं नसतं. पण मग खुर्चीत कोण, हे पुन्हा मापाबाहेर राहिलं असतं.

"हा कागद माझ्याकडून काढून घ्या, साहेब," ती म्हणाली. "त्या खुर्चीत माझे भाऊजी असतात. मागून चपला घेऊन चढते ती माझी ताई, आणि हा प्रश्न तिनंच विचारलाय. उत्तर कुणालाही लिहू दे, पण तिला आजवर न सांगितलेलं मी इथे सांगते. तिसऱ्यावर जाणारी लिफ्ट बंद आहे. पहिल्या प्रश्नापासून बंद आहे. हे खरं आहे."