बॉयलरचं कार्ड

“हे कार्ड तुम्ही काढलंत कसं?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं, आणि वाचनालयातली सगळी डोकी वर झाली.

कसं म्हणजे? हाताने. वाचनालयात दर पुस्तकाचं एक कार्ड खणात असतं; त्या कार्डांना तळाशी भोकं असतात, त्यांतून एक सळई ओवलेली असते. मी सळईचा स्क्रू सोडवला, सळई ओढली आणि हवं ते कार्ड काढलं. एकही कार्ड वाकू दिलं नाही. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये तेवीस वर्षं हेच करतोय. खणातलं कार्ड काढून खिडकीत द्यायचं, की स्टोअरकीपर सामान देतो. इथेही खण, कार्डं आणि खिडकी. विचारायला छाती कुठून आणायची? तासभर मी दारापासून खणांपर्यंत आणि खणांपासून दारापर्यंत चोरासारखा हिंडलो होतो. बाईंनी एकदाही मान वर केली नाही, आणि केली असती तर मीच माझी खाली घातली असती.

बॉयलरचं पुस्तक होतं ते. सुपरवायझरच्या परीक्षेला तेवढं एकच लागतं, आणि वयामुळे माझी ही शेवटची संधी होती. नुसत्या आवाजावरून बॉयलरचं दुखणं ओळखतो मी. परीक्षेत मात्र ते आकड्यांत लिहावं लागतं.

बाईंना मी स्टोअरची रीत सांगायला लागलो, पण ऐकून घेतील तर ना! कार्डावरचा नंबर चिठ्ठीवर उतरवून आणायचा असतो, शेंबड्या पोरालाही कळतं, असं म्हणाल्या. मग आवाज चढवून,

“भिंतीवर लिहिलंय. वाचता येतं ना?”

कोपऱ्यातले पेपर वाचणारे म्हातारे हसले. माझी कानशिलं तापली. खोटं कशाला बोलू, तो खण उचलून बाईंच्या टेबलावर आदळावासा वाटला. त्याऐवजी खणापाशी गेलो, कार्ड होतं तिथे बसवलं, सळई ओवली, स्क्रू आवळला.

“आता पुस्तक हवंय की नकोय?” बाईंनी मागून विचारलं. “नंबर सांगा.”

नंबर एव्हाना पाठ झाला होता.

“नकोय,” म्हणालो आणि बाहेर पडलो.

घरी बायकोला सांगितलं, ते पुस्तक त्यांच्याकडे नाहीच.

“असं कसं नाही?” ती म्हणाली. “उद्या मी जाऊन विचारते.”

“अक्षर लावून लावून वाचतेस तू. तू काय विचारणार?”

लग्नाला एवढी वर्षं झाली, असं कधी बोललो नव्हतो. पुस्तकाला कव्हर घालायला तिने खाकी कागद कापून तयार ठेवला होता, मुलीच्या शाळेच्या पुस्तकाच्या मापाने, अंदाजानेच. त्याची घडी घालून तिने तो कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिला.