पाठ झालेला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. डोळे तपासताना समोर टांगतात ना, वर एक ठळक अक्षर आणि खाली बारीक होत गेलेल्या ओळी, तो. सांगलीच्या एका छापखान्यात मला जाड पुठ्ठ्यावर छापले, वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकल्या, आणि १९७३ साली आरोग्य केंद्राच्या जीपमधून मी विट्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आलो. डॉक्टर तिथे वर्षातून एकदा मुलांची तपासणी करीत. दर वेळी ने-आण नको म्हणून त्यांनी मला शाळेतच ठेवले. आकाराम गुरुजींनी मला फळ्याशेजारी टांगले.

गुरुजी तळमळीने शिकवत. त्यांच्या वर्गात पाढे, कविता, नद्यांची नावे, सगळे एका सुरात पाठ होई. भिंतीवर अक्षरे दिसल्यावर मुलांनी मलाही सोडले नाही. पाढे संपले की माझी पाळी. "ग! र म! प त ल!" सगळा वर्ग माझे नाव घेतोय असे वाटून मी फुगून जाई. गुरुजीही थांबवत नसत. "तपासणीला माझं एक पोर अडखळता कामा नये," ते म्हणत. तपासणी म्हणजे परीक्षाच, असे ते धरून चालले होते.

डॉक्टर आले. एकेक मुलाने डोळा झाकून मला घडाघडा म्हटले. बशीर पिंजाऱ्याची फरीदाही उभी राहिली. तिची नजर माझ्यावर नव्हती, शेजारच्या खिडकीवर होती. तरी एक अक्षर चुकले नाही. डॉक्टरांना पुढचे गाव गाठायचे होते. "वा गुरुजी, सगळ्यांची नजर उत्तम!" एवढे म्हणून ते गेले. अंगभर अक्षरे असून मला बोलता आले नाही.

तिथून फरीदाचे हाल सुरू झाले. फळ्यावरचे उतरवताना ती चुके. डोळे तर चांगले, मग हा आळसच, म्हणून गुरुजी हातावर छडी मारत. घरी गोधडीचे टाके वाकडे पडत, तिथेही बोलणी.

जानेवारीत भिंतींना चुना द्यायचा म्हणून मला उतरवून दाराआड ठेवले. चुना वाळायच्या आतच फरीदाची आई रहिमतबी तिला घेऊन आली.

"आवं गुरुजी, नाव काढा पोरीचं. शिकंना, नुसता मार खातीया. घरात कापूस तरी निवडंल."

"डोकं हाय, डोळं हायत, आळस तेवढा लय हाय," गुरुजी म्हणाले. मला उतरवल्याचे त्यांच्या ध्यानातच नव्हते. "थांबा, दावतो. फरीदा, तक्ता वाच."

फरीदाने भिंतीकडे तोंड केले आणि वरपासून खालपर्यंत मला न अडखळता म्हणून दाखवले.

"आरं, तक्ता तर दाराआड हाय!" मागच्या ओळीत बसलेला धुळा ओरडला. वर्ग खो-खो हसला. मग हसू आपोआप विरले.

रहिमतबीने लेकीला जवळ ओढले. "काय दिसतंय गं तितं तुला?"

"पांढरं," फरीदा म्हणाली. "रोज असतं तसंच."

गुरुजींच्या हातातली छडी खाली गेली. "रहिमतबी, नाव काढू नका," ते म्हणाले. "आंधळा मी झालो हुतो."

रविवारी ते स्वतः मायलेकींना एसटीने सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. फरीदाला जाड भिंगांचा चष्मा लागला. डोळे आधी दाखवले असते तर उजवा इतका अधू झाला नसता, असे तिथे सांगितले म्हणे. ते ऐकल्यापासून मला भिंतीवर टांगून घेणेही नको वाटे.

पुढच्या तपासणीत फरीदा पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली. डावा डोळा झाकून वाचू लागली. खालच्या ओळींपाशी थांबली. त्या तिला पाठ होत्या, सगळ्या वर्गाला पाठ होत्या, मुलांचे ओठ हलू लागले होते. गुरुजींनी वर्गाकडे बघून तोंडावर बोट ठेवले.

"न्हाई दिसत, गुरुजी," फरीदा म्हणाली.

"शाब्बास!" गुरुजींनी तिची पाठ थोपटली.

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहाल तेव्हा हुशारी दाखवू नका. चुका, अडखळा, दिसत नसेल तर तसे सांगा. तेवढे ऐकण्यासाठीच मला भिंतीवर टांगलेले असते.