लाल दोऱ्याचा कप

सकाळचा चहा झाला की शकुबाई सुनेचा कप वेगळा विसळायची. चुकून मिसळू नये म्हणून तिनं कपाच्या कानाला लाल दोरा बांधला होता. तृप्तीची दोन बाळं पोटातच गेली तेव्हा असं नव्हतं. दोरा आला तो रक्ताच्या कागदानंतर.

शेजारची गोजराबाई पूर्वी दवाखान्यात आया होती. तिनं कागद पाहिला अन् कुजबुजली, "शकू, ही गरमीची तपासणी, त्या गुप्तरोगाची. हिच्यात निघालीय. बाहेरख्याली बाईलाच जडतो तो."

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मोठ्या तापानंतरही असं खोटं दिसतं, पक्की तपासणी करू, बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू. शकुबाईला वाटलं, बाई बाईला झाकतीय.

मग पाळत सुरू झाली. सुनेचा फोन वाजला की शकुबाईचे कान टवकारायचे. सायखेड्याच्या घाटावरून यायला उशीर झाला की विचारायची, "गोदामाईला काय गावाला पोचवून आली?"

एकदा तृप्ती म्हणाली, "आत्या, माझं रक्त पाहिलं. ह्यांचं कुणी पाहिलं?"

"पुरुषाचं कशाला पाहायचं?"

तृप्तीच्या नवऱ्यानं, दिनेशनं, तिची पिशवी भरून ठेवली होती. कागद पुन्हा तसाच आला तर माहेरी सोडायचं ठरलं होतं.

बाराव्या आठवड्यात तृप्ती अडून बसली, "दोघांचं तपासा, नाहीतर मी येत नाही." दिनेशनं हात पुढं केला. निकालाच्या दिवशी कुणी काही झाकू नये म्हणून शकुबाई स्वतः गेली.

"आजी, गरमी दोघांनाही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्या रक्तात आपल्याच शरीरावर उलटणारे घटक आहेत. तापानं आलेले असते तर एव्हाना गेले असते. हिचे टिकलेत. त्यांनी वारेत रक्त गोठतं अन् बाळाला पोचत नाही. पहिली तपासणीही त्यांनीच फसवली. पुढच्या खेपेला गोळ्या-इंजेक्शनं देऊ. बऱ्याच जणींची बाळं तगतात."

"म्हंजी पोरीनं काय केलंच नाय?"

"काहीच नाही."

एसटीत शकुबाई सुनेकडं बघू शकली नाही.

दुसऱ्या सकाळी गोजराबाई दारात. "गेली का माहेरी?"

शकुबाईनं दोऱ्याच्या कपात चहा ओतला अन् तिच्यादेखत स्वतः प्याली. "गोजरे, गरमी रक्तात नव्हती. आपल्या जिभेला होती."

मग ती दोरा तोडायला लागली. तृप्तीनं हात धरला. ती हसली नव्हती.

"राहू द्या, आत्या. उद्या दुसऱ्या घरात असा कागद आला, तर हा कप घेऊन तुम्हीच सांगायला जा."