‘बघतो’ हे उत्तर नाही

गॅलरीचा कठडा एका बाजूने सुटला होता. हात लावला की हलायचा. चौथा मजला, घरात सहा वर्षांची मुलगी, आणि तिला कठड्यावर ओणवं होऊन खाली डोकवायची भारी हौस. नवऱ्याला सांगून झालं होतं. तो म्हणाला, "बघतो." काही दिवसांनी पुन्हा सांगितलं. "बघतो म्हटलं ना." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तोच चिडला. "किती वेळा तेच तेच? बघतो म्हणून सांगितलंय ना एकदा?" म्हणजे चूक कठड्याची नाही, नवऱ्याची तर नाहीच नाही, चूक सांगणारीची. तुमच्या घरी असं होत नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. आमच्या ओळखीत तरी असं घर नाही.

बाईंनी मग आपल्यापुरता तोडगा काढला. गॅलरीच्या दाराला वरची कडी घातली आणि मोकळ्या झाल्या.

सासूबाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून राबलेल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे आणि तोंडही त्यांना कुणी बंद करायला शिकवलं नव्हतं.

"काय गं, कडी लावली म्हणजे कठडा दुरुस्त झाला?"

"मग काय करू? तुमचे चिरंजीव ‘बघतो’ म्हणालेत."

"आणि तू ऐकून घेतलंस."

"मला उशीर होतोय, आई," असं म्हणून बाईंनी पर्स उचलली.

बाई संसदेच्या सचिवालयात नोकरीला होत्या. संसदेच्या समित्या एकेका प्रश्नाची चौकशी करतात, लोकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकतात, अहवाल लिहितात आणि सरकारला सांगतात की बाबांनो, असं असं करा. सरकारने त्याला तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. करतो म्हणावं, नाहीतर करत नाही म्हणावं आणि का करत नाही तेही सांगावं. नियम साधा आहे, पाळला मात्र जात नाही. ज्या खात्यांची उत्तरं थकली त्यांची यादी करायची, खाली ‘बरोबर आहे’ म्हणून सही करायची, हे बाईंचं काम. म्हणून कचेरीत त्यांना सगळे यादीबाई म्हणत.

अधिवेशन संपत आलं की ही यादी सभागृहात मांडली जाई. आणि यादी छापायला जायच्या आदल्या दिवशी, न चुकता, एका मोठ्या खात्याचे एक अधिकारी पाकिटांचा गठ्ठा घेऊन हजर होत. त्यांना कचेरीत जावईबापू म्हणत. कारण यायचे रुबाबात, खुर्ची पुढे करावी लागायची, चहा पाजावा लागायचा, आणि देऊन जायचे काहीच नाही. प्रत्येक पाकिटात एकच ओळ असे: ‘समितीच्या शिफारशी विचाराधीन आहेत. योग्य वेळी कळवण्यात येईल.’ याला म्हणायचं अंतरिम उत्तर. ते आलं की यादीबाई त्या अहवालापुढे ‘उत्तर प्राप्त’ लिहीत आणि तो थकलेल्यांतून काढून टाकत. पूर्वीपासून चालत आलेली पद्धत. यादी अर्ध्या पानाची होई, साहेब खूश, खातं खूश, यादीबाई वेळेवर घरी.

या वेळची गोष्ट वेगळी होती. सभागृहाची मुदतच संपत होती, निवडणुका तोंडावर होत्या. ज्या अहवालांची उत्तरं थकली आहेत ते पुढच्या समितीकडे जाणार होते. ज्यांच्यापुढे ‘उत्तर प्राप्त’ लिहिलं जाईल त्यांची कायमची रवानगी तळघरातल्या कपाटात. तिथून काही परत वर येत नाही.

जावईबापू आले, चहा घेतला, गठ्ठा ठेवला आणि गेले. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सायकलवाले काका होते. यादीबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज पक्का ओळखीचा. रुळांच्या कडेला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथे रस्ता रूळ ओलांडून जातो आणि फाटक नाही. त्यांची मुलगी शाळेला जाताना तिथेच गाडीखाली गेली, बापाने स्वतः जोडून दिलेल्या सायकलवर. समितीपुढे येऊन त्यांनी ते सांगितलं होतं. समितीने अहवालात लिहिलं, तिथे फाटक बसवा, माणूस ठेवा. त्याला आता दोन वर्षं झाली. काका दर महिन्याला फोन करत आणि यादीबाई दर महिन्याला म्हणत, "पाठपुरावा चालू आहे."

"ताई, आलं का उत्तर?" काकांनी विचारलं.

यादीबाईंच्या पुढ्यात त्या अहवालाचं पहिलंच पाकीट होतं. सुटल्यासारखं वाटलं त्यांना. "हो काका, आजच आलंय."

काका म्हणाले, "वाचा ना ताई. थांबा, मी आधी पंपाचा आवाज बंद करतो." आणि ते खरंच उठून बंद करून आले.

यादीबाईंनी वाचलं. एकच ओळ, वाचायला कितीसा वेळ लागणार.

"पुढे?" काका म्हणाले.

"एवढंच आहे."

"मग फाटक बसणार की नाही बसणार?"

"ते यात लिहिलेलं नाही."

"मग हे उत्तर कसलं, ताई?" काका रागावले नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. यादीबाईंना वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ‘कळवते’ म्हणून फोन ठेवला आणि त्या दिवशी यादी तशीच टेबलावर सोडून घरी आल्या.

घरी वेगळाच देखावा. नवरा सोफ्यावर, समोर टीव्ही, आणि टीव्हीच्या बरोबर पुढे सासूबाई उभ्या. हातात पक्कड.

"आई, मॅच चालू आहे. बघतो म्हटलं ना मी."

"बघ की. मी इथेच आहे."

"बस तरी. पाय दुखतील."

"दुखू देत."

शेवटी त्याने पक्कड घेतली आणि धुसफुसत गॅलरीत गेला. सासूबाई खुर्चीत टेकल्या आणि सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुझं काय बिनसलंय?"

यादीबाईंनी सगळं सांगितलं. काका, पाकीट, अर्ध्या पानाची यादी, तळघर. म्हणाल्या, "मी काय करणार, आई? पद्धतच आहे. कागद आला की उत्तर आलं."

"वॉर्डात रात्री पेशंट तळमळायचा," सासूबाई म्हणाल्या. "मी डॉक्टरांना बोलवायला जायची. ते म्हणायचे, बघतो. पहिल्यांदा मी नवी होते, ऐकलं आणि परत येऊन बसले. सकाळी ती खाट रिकामी होती. त्यानंतर मी ‘बघतो’ ऐकून कधी परत फिरले नाही. दारात उभी राहायची. शिव्या खाल्ल्या, बदल्या खाल्ल्या, पण उभी राहिले. अगं, ‘बघतो’ हे उत्तर नसतं. ‘बघतो’ म्हणजे तू आता जा."

"पण ‘बघतो’ म्हणणारं खातं आहे, आई. मी साधी कारकून."

"म्हणणारा म्हणणारच. त्याला उत्तर म्हणून लिहून कोण घेतं?"

इतकी वर्षं खातं वेळ मारून नेत होतं हे खरं, पण त्यावर शिक्का यादीबाईंचाच होता. गॅलरीतून नवऱ्याची खटपट ऐकू येत होती आणि त्या लाजेने नुसत्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यादी तयार झाली. या वेळी ती अर्ध्या पानाची नव्हती, चांगली सात पानं भरली. एका ओळीची सगळी पाकिटं पुन्हा थकलेल्यांत जाऊन बसली होती.

साहेबांनी चष्मा वर केला. साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्ती जवळ आलेली, कुणाचं भांडण नको एवढंच त्यांचं मागणं.

"मॅडम, हे काय? उत्तरं आलीत ना?"

"पत्रं आलीत, साहेब. उत्तर एकही नाही."

"अहो, ते ठरवणं आपलं काम नाही. आपण टपाल मोजायचं."

"नियमात उत्तर असं लिहिलंय. टपाल नाही लिहिलेलं."

"तुमच्या बढतीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, हे ध्यानात आहे ना?"

"आहे."

"मग बदला ती यादी."

"मी नाही बदलणार." यादीबाईंनी पानं साहेबांपुढे सरकवली. "तुम्हाला बदलायची असेल तर बदला, साहेब. खाली ‘बरोबर आहे’ म्हणून सही मात्र तुमची असू दे. मी रुळापाशी राहणाऱ्या त्या माणसाला पत्र वाचून दाखवलंय. त्याने मला विचारलं, हे उत्तर कसलं? मला सांगता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर नंबर देते, तुम्ही सांगा."

साहेबांनी पेन उचललं. पानं चाळली. फाटकाच्या अहवालाच्या ओळीवर बराच वेळ थांबले. मग पेन तसंच खाली ठेवलं आणि म्हणाले, "चला, अध्यक्षांकडे जाऊ."

समितीच्या अध्यक्षबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "खात्याचा फोन येऊन गेला. म्हणतात, तुमच्या कचेरीत कुणीतरी आगाऊपणा करतंय. गेल्या वेळी यादी अर्ध्या पानाची होती ना?"

"हो," यादीबाई म्हणाल्या. "गेल्या वेळची खोटी होती. ती मीच केली होती."

अध्यक्षबाईंनी आता मान वर केली. साहेबांकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं? ही बरोबर आहे?"

आता साहेब अंग काढून घेणार, हे यादीबाईंनी गृहीतच धरलं होतं. साहेबांनी खिशातून पेन काढलं, सातव्या पानावर यादीबाईंच्या सहीखाली आपली सही केली आणि म्हणाले, "बरोबर आहे. मागच्याही माझ्याच हाताखालून गेल्या होत्या. तेव्हा मी असं बोलायला हवं होतं."

यादी सभागृहात मांडली गेली. अध्यक्षबाईंनी ती नुसती टेबलावर ठेवली नाही, वाचून दाखवली, पानामागून पान. मंत्री म्हणाले, बघतो. अध्यक्षबाई खाली बसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघणार असाल तर तारीख सांगा." तारीख काही मिळाली नाही, पण मंत्र्यांना ती देता आली नाही हे संसदेच्या कामकाजात छापलं गेलं आणि सगळे अहवाल पुढच्या समितीकडे गेले. तळघरातल्या कपाटात त्या वर्षी यातला एकही अहवाल गेला नाही. जावईबापूंना पुढच्या खेपेला कुणी चहा विचारला नाही. यादीबाईंची बढतीही वर कुठेतरी अडकली, ती अजून अडकलेलीच आहे. विचारलं की सांगतात, विचाराधीन आहे.

नवी समिती बसली त्या महिन्यात फोन वाजला.

"ताई, आलं का उत्तर?"

"नाही आलं, काका," यादीबाई म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सरळ सांगितलं. "आणि नाही आलं असं आता सगळ्यांसमोर लिहिलंय. नव्या समितीने खात्याच्या सचिवांना समोर बोलावलंय. तुम्हाला ऐकायला येता येईल. लोकांसाठी मागे बाकं असतात."

काकांनी पंप बंद केला. "येतो. जागा नसली तरी चालेल. मी उभा राहीन."

फाटक अजून बसलेलं नाही. खोटं कशाला सांगू? पण तो प्रश्न जिवंत आहे, आणि तो जिवंत आहे कारण एका बाईने एका ओळीच्या पत्राला उत्तर म्हणायचं नाकारलं. आपण काय करतो? नळाला पाणी नाही म्हणून अर्ज देतो, ‘बघतो’ ऐकतो आणि काम झाल्यासारखे घरी येतो. बघतो म्हणणाऱ्यांना माजवलंय आपणच, ते ऐकून परत फिरणाऱ्यांनी! इथून पुढे कुणी ‘बघतो’ म्हणालं, मग तो नवरा असो की मंत्री, तर एवढंच म्हणा: बघा, मी इथेच उभी आहे.