सात वाजताचा थेंब

चष्मेवाल्याने तपासणीची जड चौकट पेंटरच्या नाकावर बसवली, डाव्या डोळ्यापुढे काळी चकती सरकवली आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केलं.

"वरून वाच."

पेंटरने घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. कुठे अडखळला नाही, कुठे डोळा बारीक केला नाही. शेवटची बारीक ओळ तर त्याने पाढे म्हणावेत तशी म्हटली.

तो तक्ता बावीस वर्षांपूर्वी पेंटरनेच रंगवला होता. दुकान उघडायला दोन दिवस उरले होते, छापील तक्ता आलेला नव्हता, आणि पेंटरने एका दुपारी बसून, पट्टीही न लावता, सहा ओळी उतरवून दिल्या होत्या. त्याला तो स्वतःच्या नावासारखा पाठ असणारच. चष्मेवाल्याने तक्ता उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला, एका कोऱ्या कागदावर चार मोठी अक्षरं लिहिली आणि कागद त्याच जागी धरला.

"आता हे वाच."

पेंटर बराच वेळ बघत राहिला.

"तुझं अक्षर पहिल्यापासून कोंबडीच्या पायाचं," तो म्हणाला.

"दिसतंय का?"

"कागद दिसतोय."

चष्मेवाल्याने चकती दुसऱ्या डोळ्यापुढे आणली. डाव्या डोळ्याने पेंटरने चारही अक्षरं वाचली, तेव्हा चष्मेवाल्याला जरा हायसं वाटलं. मग त्याने पेंटरला सरळ समोर बघायला सांगितलं आणि स्वतःचं बोट त्याच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. दिसलं की सांग, असं त्याने बजावलं होतं. बोट कानापासून निघालं, गालाशी आलं, जवळजवळ नाकासमोर आलं, तेव्हा कुठे पेंटर म्हणाला, "हां."

बॅटरीच्या उजेडात बुबुळं स्वच्छ होती. मोतीबिंदू असता तर बरं झालं असतं. तो काढता येतो. असे डोळे चष्मेवाल्याने तीस वर्षांत पाच-सहाच पाहिले होते. वरून काहीच न बिघडलेले आणि आतून विझत चाललेले. खात्रीने सांगायचं काम डॉक्टरचं, पण हा काचबिंदू असावा हे त्याला कळलं होतं. त्यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते, तीसुद्धा औषध वेळेवर सुरू झालं तर.

"नंबर वाढला असेल," पेंटर म्हणाला. "जाड काच दे आणि सोड मला. एक पाटी अर्धी राहिली आहे."

एवढी वाक्यं तो चष्मेवाल्याशी पाच आठवड्यांत पहिल्यांदाच बोलत होता.

पाच आठवड्यांपूर्वी एका सकाळी प्रार्थनाघराच्या भिंतीवर काळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं सापडलं होतं : इथून निघा. प्रार्थनाघर म्हणजे गल्लीच्या टोकाची भाड्याची एक खोली, सहा बाकं आणि एक पंखा. अकरा कुटुंबं तिथे रोज संध्याकाळी सातला जमत. चष्मेवाला आणि त्याची बायको दोन वर्षांपासून जात होते. गल्लीला ते पहिल्यापासून खुपत होतं. आधी टोमणे झाले, मग दारात कचरा पडू लागला, मग बेचाळीस सह्यांचा अर्ज घरमालकाकडे गेला, आणि शेवटी ती भिंत.

लिहिणाऱ्याने हात लपवायचा प्रयत्न केला होता. अक्षरं वेडीवाकडी होती, ओळ उजवीकडे घसरत गेली होती. पण 'नि'ची वेलांटी लपली नव्हती. ती अक्षरावर छत्रीसारखी ओणवी झालेली होती, आणि अशी वेलांटी काढणारा माणूस गावात एकच होता. चष्मेवाला तिच्यासमोर उभा राहिला आणि कोणाला काही न बोलता दुकानात निघून गेला. त्याच्या बायकोने दोन दिवस रॉकेलने भिंत घासली. तिच्या बोटांची सालं निघाली.

सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, कोणी लिहिलं? कोणी म्हणालं, पोलिसांत जाऊ. सभेतल्या सर्वांत वयस्क बाई पूर्वी सुईण होत्या. अर्ध्या गल्लीला त्यांनीच जगात आणलं होतं. त्या म्हणाल्या, कशाला धावपळ, देवाच्या काठीला आवाज नसतो. चष्मेवाल्यानेही मान डोलावली. रोज सातला डोळे मिटून तो म्हणत असे, न्याय तुझ्या हातात आहे, तू बघ. मनापासूनच म्हणत असे. पण न्याय देवावर सोपवताना शिक्षा मात्र त्याने स्वतःच ठरवून ठेवली होती : त्या हाताला पुन्हा सरळ रेघ म्हणून येऊ नये.

आणि आता तो हात समोरच्या खुर्चीच्या दांड्यावर होता. नखांत निळा रंग होता.

चष्मेवाला काउंटरमागे गेला. कार्ड काढून त्यावर पेंटरचं वय लिहिलं, नंबर लिहिला. नंबर अगदीच खोटा नव्हता. जाड काच दिली असती तर पेंटरला महिना-दोन महिने थोडं बरंही वाटलं असतं. कोणी विचारलं नसतं, कोणाला कळलं नसतं. त्याला काही करायचंच नव्हतं. काठी उगारलेली होती, त्याने फक्त बाजूला व्हायचं होतं.

"परवा शिडीवरून पायरी चुकली," पेंटर तिकडून सांगत होता. "रंगाचा डबा बाजूला ठेवला की तोच माझ्या कोपराला येऊन लागतो. आणि ओळ खाली जाते रे. मी सरळच काढतो, लोक म्हणतात खाली गेली."

चष्मेवाल्याचं पेन थांबलं. भिंतीवरची ती घसरत गेलेली ओळ त्याच्या डोळ्यांपुढे आली. तो हात लपवायचा प्रयत्न नव्हता. पेंटरला दिसलंच नव्हतं.

त्याने कार्डाचे दोन तुकडे केले, ड्रॉवरमधून कुलूप काढलं आणि पेंटरच्या नाकावरची चौकट उतरवली.

"ऊठ. मोठ्या इस्पितळात जायचंय."

"आज?"

"आत्ता."

इस्पितळात त्यांना चार तास लागले. मशीनपुढे हनुवटी टेकवून पेंटर निमूट बसला, थेंब घालून घेतले, हिरवा ठिपका दिसला की बटण दाबायची तपासणी दोनदा केली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं स्वच्छ होतं. काचबिंदूच आहे, त्या म्हणाल्या. सहा-सात वर्षं तरी आत काम करत असणार. उजव्या डोळ्याचं फारसं काही उरलेलं नाही, डावा राखता येईल. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एकेक थेंब, जन्मभर. एक दिवसही चुकवायचा नाही. आणखी दोन महिन्यांनी आला असतात तर मी हे सांगू शकले नसते, असंही त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर दोघं नंबर यायची वाट बघत बसले. पेंटरच्या डोळ्यांतल्या बाहुल्या थेंबांनी मोठ्या झाल्या होत्या, उजेड सहन होत नव्हता. त्याने कपाळावर हात धरला होता.

"भिंतीवरचं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच सकाळपासून. तुझी वेलांटी लपत नाही."

"मग इथे कशाला आणलंस?"

"डोळा तुझा आहे. भिंत घरमालकाची."

पेंटरच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू काही फुटलं नाही. मग तो हळूहळू सांगू लागला. गल्लीतली माणसं त्याच्याकडे आधीच येऊन गेली होती, तू लिही म्हणून. त्यांना त्याने हाकलून दिलं होतं. त्यांचं ऐकून त्याने लिहिलं नव्हतं. पेंटरची बायको वारल्यावर सलग नऊ वर्षं चष्मेवाला रोज संध्याकाळी त्याच्याकडे येत असे. दोघं बुद्धिबळाचे दोन डाव खेळत आणि मग आपापल्या घरी जेवत. दोन वर्षांपूर्वी ते बंद झालं. तरी पेंटर पट मांडत असे. भिंतीवर लिहिलं त्या दिवशीही मांडला होता. प्रार्थनाघरातून गाण्याचा आवाज येत होता, आणि त्या गाण्यात चष्मेवाल्याचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

"देव धरलास, धर," तो म्हणाला. "पण मला सांगायचंस तरी. आज नाही, उद्या नाही. नुसता यायचा थांबलास."

फिर्यादी म्हणून चष्मेवाला ज्या दरबारात रोज उभा राहत होता, तिथे त्याच्याही नावाची एक फिर्याद पडून असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"चुकलं," तो म्हणाला.

पेंटरला वाटलं तो भिंतीबद्दलच बोलतोय.

"हो," तो म्हणाला. "चुकलंच."

घरी आल्यावर चष्मेवाल्याने बायकोला सगळं सांगितलं. ती वाळलेले कपडे घड्या करून ठेवत होती. वेलांटीचं सांगितलं तेव्हाही तिचा हात थांबला नाही.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "भिंत घासताना."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुमचा एकच तर मित्र. तुम्हाला कळू नये म्हणूनच तर मी घाईघाईने घासत होते."

तो खाली बसला. पाच आठवडे एकाच घरात, एकाच पलंगावर, दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती. मग त्याने कार्डाचंही सांगितलं. ते सांगायला त्याला जास्त वेळ लागला. ती ऐकत राहिली. कार्ड कुठे आहे, असं तिने विचारलं. फाडलं, तो म्हणाला. झालं तर मग, ती म्हणाली, आणि चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. दोघांनी मिळून चादर दुमडली.

"सुईणबाई म्हणतील, देवाने शिक्षा केली," तो म्हणाला. "मीही तेच मागत होतो. मला भीती वाटतेय गं."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, किती वर्षं झाली?"

"सहा-सात."

"आणि भिंत?"

"पाच आठवडे."

"मग शिक्षा कशाची?" ती म्हणाली. "न्याय देवाकडे राहू दे. तो काही विसरत नाही. आपल्याकडे थेंबांची बाटली आहे, तेवढी बघू."

महिनाअखेरीस घरमालकाने खोली सोडायला सांगितली. बेचाळीस सह्यांपुढे माझं काय चालणार, असं तो हात जोडून म्हणाला. कोणी भांडलं नाही. सहा बाकं उचलून चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत आली, चौकटींच्या खोक्यांशेजारी जेमतेम मावली. गल्लीला तेही रुचलं नाही. एकदा दुकानाच्या काचेवर चिखल पडला, एकदा गाणं चालू असताना दारावर धोंडा आपटला. सुईणबाईंनी डोळेही उघडले नाहीत. चिखल दुसऱ्या सकाळी धुतला गेला. कोणी टाकला, हे चष्मेवाल्याने या वेळी शोधलं नाही.

पेंटरला थेंब स्वतःला जमेना. आयुष्यभर ब्रश पेललेला हात, पण बाटली डोळ्यावर आली की पापणी आधी मिटे आणि थेंब गालावर. सकाळी दुकानात जाताना चष्मेवाला त्याच्याकडे थांबू लागला. संध्याकाळचा प्रश्न होता. सात म्हणजे प्रार्थनेची वेळ. थेंब साडेसहाला घातला तर, असं त्याने बायकोला विचारून पाहिलं.

"सात म्हणजे सात," ती म्हणाली. "तुम्ही जा. सुरुवात मी करते."

पेंटरच्या खोलीत आता मोठा दिवा लावलेला होता. तो खुर्चीवर मान मागे टाकून बसला. चष्मेवाल्याने त्याची खालची पापणी बोटाने ओढली, थेंब आत सोडला, आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा हलकेच दाबून धरला. औषध वाहून जाऊ नये म्हणून दोन मिनिटं डोळे मिटून असं बसायचं होतं.

गल्लीपलीकडून गाणं सुरू झालं.

"तुझ्या बायकोने पट्टी फार वरची धरली," पेंटर डोळे मिटल्या मिटल्या म्हणाला.

"ती रोजच धरते. मग सगळ्यांची दमछाक."

गाणं खरंच एका जागी अडखळलं, मग खालच्या पट्टीत पुन्हा उभं राहिलं. दोघं ऐकत होते. पेंटरचा श्वास संथ चालला होता.

"मी असा आंधळ्यासारखा बसलेला असतो, तेव्हा तू काय करतोस रे?" त्याने विचारलं.

"मीही मिटतो."

पलीकडे गाणं संपलं आणि शांत झालं. चष्मेवाल्याने डोळे उघडून घड्याळाकडे पाहिलं, कोपऱ्यावरचं बोट काढलं.

"झाली दोन मिनिटं."

"असू दे," पेंटर म्हणाला, आणि त्याने डोळे तसेच मिटून ठेवले.